आयोटाची दुरुस्ती

"लोगोज कुठे आहेत?" मेहरासाहेबांनी विचारलं.

मीटिंगला मी, आमचे मॅनेजर मेहरासाहेब आणि मेहरासाहेबांचा चहा एवढेच होतो. समोर क्लायंटने पाठवलेली प्रदर्शनाच्या फलकांची, म्हणजे पॅनलची, यादी होती. पॅनल एक, अथेन्स. पॅनल दोन, अलेक्झांड्रिया. पॅनल तीन, लोगोज.

"तिसऱ्यावर लोगोज टाकायचेत आणि एकही पाठवला नाही. व्हेक्टर फाइल मागवा. हाय रेझोल्यूशन पाहिजे म्हणावं, नाहीतर फाटेल."

फाटेल म्हणजे चित्र मोठं केल्यावर त्याचे चौकोन दिसतील. कुवेतमध्ये अर्दियाच्या इंडस्ट्रियल एरियात आमची साइनेज कंपनी आहे. दुकानांच्या पाट्या, क्लिनिकचे बोर्ड, 'पार्किंग मनाई'चे फलक आम्ही बनवतो. मी तिथे प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर आहे. ऑर्डर आली की ती डिझाइनपासून भिंतीवर चिकटेपर्यंत माझ्या टेबलावरून जाते. काम बरोबर झालं तर ते मेहरासाहेबांच्या व्हिजनमुळे होतं. चुकलं तर ते माझ्या टेबलावरून गेलेलं असतं.

मी ईमेल लिहिला. 'कृपया लोगोज हाय रेझोल्यूशनमध्ये पाठवावेत.'

तासाभरात उत्तर आलं. 'मॅडम, तत्त्वज्ञ कित्येक शतकं तोच प्रयत्न करत आहेत. अजून कुणाला जमलेलं नाही.'

मेहरासाहेबांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे त्यांच्याकडे नाहीत. फक्त टेक्स्ट टाका."

मला राहवेना. मी क्लायंटला फोन केला.

त्यांचं नाव उस्ताद इलियास. इथे शिक्षकाला उस्ताद म्हणतात. मूळचे सीरियातल्या अलेप्पोचे. कुवेतच्या शाळांमध्ये आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मुलगा कॅनडात होता आणि थोड्याच दिवसांत तेही कायमचे त्याच्याकडे निघाले होते. जाण्याआधी त्यांना एक प्रदर्शन भरवायचं होतं. शहरातल्या एका चर्चच्या आवारातला हॉल मिळाला होता. विषय होता, ग्रीक तत्त्वज्ञानाने सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्मविचाराला आकार कसा दिला. आमच्याकडे याआधी आलेला सर्वांत गहन मजकूर 'आतून ढकला' हा होता.

"लोगोस हा ग्रीक शब्द आहे," उस्ताद म्हणाले. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ होतं. "शब्द, विचार, बुद्धी, सगळं त्यात येतं. सगळं विश्व ज्या बुद्धीने चालतं तिला ग्रीक तत्त्वज्ञ लोगोस म्हणत. पुढे ख्रिस्ती लोकांना शिकल्यासवरल्या ग्रीकांना सांगायचं होतं की येशू कोण. सांगायचं कोणत्या शब्दांत? त्यांनी हाच शब्द उचलला."

"म्हणजे ग्राहकाच्या भाषेत सांगितलं."

"अगदी. पण भाषा एकटी येत नाही, मॅडम. आपले प्रश्नही सोबत घेऊन येते. ग्रीकांचे शब्द घेतले, की ग्रीकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली."

हे मला पटलं. माझी मुलगी मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. हल्ली तिचे प्रश्नच मला कळत नाहीत.

काम सुरू झालं. बारा पॅनल अरबी आणि इंग्रजीत. शिवाय हॉलच्या मोठ्या भिंतीवर दोन ग्रीक शब्द, एकाखाली एक, वीतभर उंचीच्या काळ्या अक्षरांत. खाली बारीक अक्षरांत अर्थ. अशी अक्षरं व्हिनाइलची असतात. व्हिनाइल म्हणजे पाठीला गोंद असलेली प्लास्टिकची पातळ शीट. प्लॉटर नावाचं मशीन त्यावर ब्लेडने अक्षरं कापतं. मग ऑपरेटर आजूबाजूचं नको ते व्हिनाइल चिमट्याने ओढून काढतो आणि उरलेली अक्षरं भिंतीवर चिकटवतो.

आमचा ऑपरेटर दत्ताराम. देवगडकडचा. इथे त्याला सगळे बॅचलर म्हणतात. कुवेतमध्ये ज्याचं कुटुंब सोबत नाही तो बॅचलर, मग गावी त्याची मुलगी लग्नाची का असेना. दत्ताराम अकरा वर्षं प्लॉटरवर आहे. अरबी वाचता येत नाही, पण अरबी अक्षर उलटं लागलं तर लांबून ओळखतो.

सोमवारी प्रूफ निघालं. प्रूफ म्हणजे कापण्याआधीचा नमुन्याचा कागद. तो क्लायंटच्या मजकुराशी ताडून बघायचा आणि सही करायची. ताडून बघण्याचं काम माझं. पण त्या दिवशी तो कागद माझ्याकडे आला तेव्हा त्यावर आधीच मेहरासाहेबांची सही होती. साहेब महिन्यातून एकदा क्वालिटी कंट्रोल करतात. त्या दिवशी आम्ही सगळे जरा घाबरून असतो. मी भिंतीचं पान पाहिलं. दोन ओळी, दोन्ही सरळ, दोन्ही ग्रीक. खालच्या ओळीवर काहीतरी लाल खूण होती. साहेबांची खूण म्हणजे साहेबांनी पाहिलेलं आहे, असं मी धरलं. खाली सही ठोकली आणि पुढच्या कागदाकडे वळले.

बुधवारी दत्तारामने भिंतीवर अक्षरं लावली. गुरुवारी संध्याकाळी सहाला उद्घाटन होतं. गुरुवारी सकाळी दहाला उस्तादांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही वाद मिटवलात. अभिनंदन."

"कोणता वाद?"

"चौथ्या शतकातला. तेव्हाच्या बिशपांना जे जमलं नाही ते तुमच्या कंपनीने केलं. वर आणि खाली एकच शब्द लावलात."

मी फाइल उघडली. क्लायंटच्या मजकुरात वरचा शब्द होता होमोऊसिओस. खालचा होमोइऊसिओस. मधे एक अक्षर जास्त, आयोटा. ग्रीकमधलं सर्वांत किरकोळ अक्षर. टिंब नसलेला इंग्रजी आय, नुसती एक काडी. भिंतीवर खालच्या शब्दातली ती काडी नव्हती. म्हणजे एकच शब्द दोनदा आणि खाली त्याचे दोन वेगवेगळे अर्थ. उस्तादांनी सगळं प्रदर्शन ज्या भिंतीपाशी आणून संपवलं होतं, ती भिंत आता वेड्यासारखी तेच तेच बोलत होती.

मी फोन घेऊन मेहरासाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि स्पीकर लावला.

"सर, एका अक्षराचा प्रश्न आहे," मेहरासाहेब उस्तादांना म्हणाले. "दिसायला किती छान दिसतंय बघा. आणि कुवेतमध्ये ग्रीक वाचतंय कोण?"

"मी," उस्ताद म्हणाले.

"ते ठीक आहे, पण लोकांना..."

"हा वाद सुरू झाला तेव्हा सम्राटालाही असंच वाटलं होतं. क्षुल्लक गोष्ट आहे, आपसात मिटवा, असं त्याने पत्र लिहून कळवलं. शेवटी त्याला सगळ्या साम्राज्यातले बिशप बोलवावे लागले."

"कोणता सम्राट?" मेहरासाहेबांनी मला खुणेने विचारलं. हा सम्राट मोठा क्लायंट होईल असं त्यांना वाटलं असावं.

फोन ठेवल्यावर ते खुर्चीत मागे रेलले. "ऑपरेटरची चूक आहे. सरळ सरळ. दत्ताराम को फिनिश करो. संडेपर्यंत त्याचं कॅन्सलेशन टाइप करून ठेवा."

कॅन्सलेशन म्हणजे नुसती नोकरी जाणं नाही. इथे राहण्याचा परवाना कंपनीच्या नावाने असतो. तो रद्द झाला की माणूस सामान बांधतो.

मी प्लॉटरपाशी गेले. दत्ताराम रोल गुंडाळत होता.

"दत्ताराम, ग्रीक शब्दातलं एक अक्षर कसं गेलं?"

"माका काय कळता मॅडम त्या अक्षरातला? सायबान सांगितल्यान, मी काढलंय."

"सायबाने?"

त्याने मशीनखालचा ड्रॉवर उघडला. आत अकरा वर्षांचे प्रूफचे कागद होते, महिन्यावार. त्यातून त्याने सोमवारचा कागद काढला. खालच्या शब्दाभोवती लाल गोल. बाजूला मेहरासाहेबांच्या अक्षरात, 'सेम स्पेलिंग प्लीज'. खाली त्यांची सही. त्याच्याखाली निळ्या शाईत माझी सही. देखणी आली होती.

"हे सगळे कागद ठेवतोस?"

"ठेवूचे लागतत," दत्ताराम म्हणाला.

मी तो कागद पर्समध्ये घातला. त्याचं काय करणार हे तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. फिंतासला आमचं घर, नवरा सरकारी हॉस्पिटलात डायलिसिस टेक्निशियन, मुलीचं बारावीचं वर्ष. नोकरी मलाही हवी होती. आणि खरं सांगायचं तर मेहरासाहेबांपेक्षा मला त्या निळ्या सहीची जास्त भीती वाटत होती. साहेबांना ग्रीक येत नव्हतं म्हणून त्यांनी शब्द सुधारला. मला येत नव्हतं तरी मी तो बरोबर असल्याचं लिहून दिलं.

दत्तारामला, काळ्या व्हिनाइलच्या तुकड्याला आणि केस वाळवायच्या ड्रायरला गाडीत घालून मी शहराकडे निघाले.

हॉलमध्ये उस्ताद खुर्ची घेऊन भिंतीसमोर बसले होते. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, हातात चष्मा. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत होते.

"दोन वर्षं लिहिलं," ते म्हणाले. "रविवारी सकाळी सगळं उतरवायचं आणि बुधवारी मी जाणार. पुन्हा लावायला मी असणार नाही."

दत्तारामने भिंतीला कान लावल्यासारखं करत बोटाने अक्षरं चाचपली. मग मला म्हणाला, "काडी कापूक काय नाय. तिका जागा नाय."

अडचण तीच होती. 'होमो' आणि 'ऊसिओस' अगदी चिकटून लागले होते. मधे आयोटा घालायचा तर पुढची सहा अक्षरं काढून उजवीकडे सरकवायला हवीत. चिकटलेलं व्हिनाइल काढताना ताणलं जातं, नाहीतर भिंतीचा रंग घेऊन येतं. सहा अक्षरं म्हणजे सहा वेळा धोका.

"सहा कित्याक?" दत्ताराम म्हणाला. "हयली तीन डावीकडे सरकवया."

"पण मग खालची ओळ वरच्या ओळीच्या बाहेर येईल."

मी उस्तादांना विचारलं. त्यांनी चष्मा लावला, थोडा वेळ पाहिलं. "येऊ दे बाहेर. लोक विचारतील तरी."

दत्तारामने ड्रायर सुरू केला. गोंद ऊन झाला की सैल होतो. नखाने कड उचलायची आणि भिंतीला जवळजवळ समांतर, सावकाश ओढायचं. पहिलं अक्षर आलं. दुसरं आलं. मी ते कागदावर झेलत होते. उस्तादांनी खुर्ची जवळ ओढली.

"तुम्हाला माहीत आहे का तुम्ही काय दुरुस्त करताय?" त्यांनी विचारलं.

मी दत्तारामकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. मग मी दुभाषी झाले. उस्ताद इंग्रजीत सांगत होते, मी मराठीत.

ऊसिया हा तत्त्वज्ञांचा शब्द, त्यांनी सांगितलं. एखादी वस्तू मुळात जे असते ते तिचं ऊसिया. रंग, आकार, वजन बदलेल, हे बदलत नाही. ग्रीक लोक हा शब्द घोड्याबद्दल वापरत, माणसाबद्दल वापरत. धर्मग्रंथात तो या अर्थाने देवाबद्दल कुठेच नव्हता. पण वाद पेटला की येशू देवच आहे की देवाने घडवलेला कुणी. दोन्ही बाजू धर्मग्रंथातलीच वचनं काढून एकमेकांना दाखवत. वचनांनी काही निकाल लागेना. तेव्हा सम्राटाने बोलावलेल्या बिशपांच्या परिषदेत तत्त्वज्ञांचा शब्द आणला गेला. होमोऊसिओस, म्हणजे पिता आणि पुत्राचं मूलतत्त्व एकच. पुढे काही वर्षांनी दुसरे म्हणाले, एकच म्हटलं तर दोघांत फरक काय राहिला? त्यांनी मधे एक आयोटा घातला. होमोइऊसिओस. मूलतत्त्व सारखं, पण तेच नव्हे.

"आपल्याकडे द्वैती आणि अद्वैती भांडायचे तसं," मी दत्तारामला म्हटलं.

"आणि ह्या काडीसाठी माणसां भांडली?" दत्तारामने ड्रायर बंद केला.

मी विचारलं. उस्ताद म्हणाले, "बिशप हद्दपार झाले. काही परत आले, पुन्हा हद्दपार झाले."

दत्तारामने ड्रायर पुन्हा सुरू केला. आपलं कॅन्सलेशन व्हायचंय हे त्याला मी गाडीतच सांगितलं होतं.

तिसरं अक्षर येताना भिंतीचा रंग आला. बिस्किटाएवढा पोपडा. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मग उस्ताद उठले आणि चर्चच्या ऑफिसमधून टाइपिंगच्या चुका खोडायचा पांढरा व्हाइटनर घेऊन आले. दत्तारामने तो बोटाने भिंतीवर चोपडला आणि फुंकर मारत वाळवला.

आता आयोटा. प्लॉटर अर्दियात होता. दत्तारामने उस्तादांकडे पातळ कागद मागितला, त्याच शब्दात पुढे आणखी एक आयोटा होता त्यावर ठेवला आणि पेन्सिलने छापा काढला. व्हिनाइलवर छापा ठेवून हातातल्या कटरने कापलं. एकदाही हात उचलला नाही. मग ती काडी जागेवर लावून प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर दाबत नेली, हवा राहू नये म्हणून. मागे सरकून त्याने डोळा बारीक केला.

"सरळ आसा?"

"सरळ आहे," उस्ताद मराठी कळल्यासारखे म्हणाले.

पावणेचार वाजले होते. एक कागद उरला होता, कम्प्लीशन सर्टिफिकेट. काम पूर्ण झालं असं क्लायंटने लिहून द्यायचं. तो कागद थेट आमच्या कुवेती मालकांच्या टेबलावर जातो. मालक बाकी काही वाचत नाहीत, फक्त शेरा वाचतात.

उस्तादांनी पेन उघडलं. "तुमच्या मॅनेजरने मघाशी पुन्हा फोन केला होता. ऑपरेटरने चूक केली, त्याला काढून टाकलंय, म्हणाले. म्हणजे याला?"

दत्ताराम तेव्हा वायर गुंडाळत होता. इंग्रजी त्याला कळत नाही, पण ऑपरेटर हा शब्द कळतो. त्याचे हात थांबले.

मी पर्स उघडली आणि तो कागद उस्तादांपुढे ठेवला. "हा लाल गोल मॅनेजरचा. खालची निळी सही माझी. मी न वाचता केली होती."

उस्तादांनी तो नीट वाचला. शेऱ्याच्या जागी त्यांनी शिक्षकी अक्षरात लिहिलं, 'एक अक्षर मॅनेजमेंटने काढले होते. ऑपरेटर दत्ताराम यांनी ते हाताने कापून परत लावले. काम उत्तम.' आणि सही केली.

उद्घाटनाला मी थांबले. बरीच गर्दी होती. अरब कुटुंबं, केरळी नर्सेस, दोन-तीन गोवेकर. बहुतेकांचं लक्ष समोशांकडे होतं. मग एका नर्सने भिंतीकडे बोट करून विचारलं, "अंकल, खालची ओळ अशी बाहेर का आलीय?" उस्ताद अर्धा तास बोलत होते. समोसे गार झाले.

रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मेहरासाहेबांनी सर्टिफिकेटची प्रत वाचली आणि लगेच उस्तादांना फोन लावला.

"सर, शेऱ्यातली ती पहिली ओळ तेवढी काढून नवीन सर्टिफिकेट द्याल का? एकच ओळ आहे."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं, कारण मेहरासाहेबांनी फोन कानापासून लांब धरला होता.

"एका ओळीने काय फरक पडतो? दिसायला किती छान दिसतेय बघा."

फोन ठेवून साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कॅन्सलेशनचं काय झालं?"

"टाइप करायचंच आहे, सर. दत्तारामचं नाव मालकांकडच्या कागदावर 'काम उत्तम'च्या आधी आहे, तर कारण काय घालू? आणि प्रूफवर माझीही सही आहे. माझंही टाइप करू का?" मी थांबले. "आणि माझ्या सहीच्या वर आणखी एक आहे."

त्यांनी बराच वेळ चहा ढवळला. त्यात साखर नसते, त्यांना डायबेटिस आहे.

"राहू दे," ते म्हणाले. "मानवतेच्या दृष्टीने."

दत्ताराम अजून प्लॉटरवर आहे. त्याच्या परवान्याची मुदत वाढली. उस्ताद बुधवारी गेले. विमानतळावरून त्यांचा मला एक ओळीचा मेसेज आला, भिंतीचा फोटो नीट आलाय आणि आयोटा सरळ आहे म्हणून. मी तो दत्तारामला दाखवला. त्याने 'हूं' केलं आणि ब्लेड बदललं. हॉलची भिंत दहा दिवसांनी रंगवली म्हणे, कुणाच्या तरी साखरपुड्यासाठी.

ऑफिसात मात्र एक सर्क्युलर निघालं. 'क्लायंटच्या लेखी परवानगीशिवाय कुणीही स्पेलिंग सुधारू नये. गंभीर दखल घेतली जाईल.' खाली मेहरासाहेबांची सही.

मी यातून एवढंच शिकले, की ज्या भाषेतलं एक अक्षर आपल्याला कळत नाही त्या भाषेच्या प्रूफवर सही करू नये. मी आता करत नाही. क्लायंटला बोलावते, समोर बसवते आणि वाचून घेते. मेहरासाहेब अजून करतात.